ओवीला सांभाळायचा मान कुणाचा?

हसणार नसाल तरच सांगतो. काय म्हणता, आत्ताच हसायलाव? हसा. एकोणतिसाव्या वर्षी मृत्युपत्र करायला निघालेल्या माणसाला लोक दुसरं काय करणार!

झालं असं. मी, माझी बायको मीना आणि आमची अडीच वर्षांची ओवी, मुखेडहून मोटारसायकलवर नांदेडला येत होतो. मुखेडला माझी थोरली बहीण राहते, अक्का. वाटेत समोरून उसाचा ट्रॅक्टर असा काही वळला की आमची गाडी थेट रस्त्याखालच्या तुरीत. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ओवी तर टाळ्या वाजवून म्हणाली, "अजून!" मी मात्र तुरीतच बसून राहिलो. आम्ही दोघंही एकदम गेलो असतो तर? या पोरीचं कोण?

एखादा शहाणा माणूस असता तर त्यानं घरी येऊन देवापुढं साखर ठेवली असती. पण मी पडलो सुशिक्षित! मी ठरवलं, मृत्युपत्र करायचं. इस्टेट म्हणाल तर दोन कपाटं पुस्तकं आणि तीच तुरीतली मोटारसायकल. पण त्यात ओवीचा पालक नेमायचा. कायद्यानं. पारखून. अहो, मी कॉलेजाकॉलेजांत संविधान आणि समानता यावर भाषणं देतो. माझ्या मुलीचा पालक कसा पाहिजे? विवेकी! विज्ञानवादी!

मीनाला म्हणालो, "मी योग्य माणूस शोधतो. तू काळजी करू नकोस."

ती मेथी निवडत होती. "मी काही बोलू का, संतोष?"

"थांब, आधी मला अभ्यास करू दे."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. पुढं तेच माझ्या टाळक्यात बसलं.

पहिली परीक्षा अक्काची. गुपचूप, एकटाच गेलो. ती बाजारातून आणलेली वांगी धूत होती. मी विचारलं, "अक्का, समज मी आणि मीना नाही आहोत. ओवीनं मोठी होऊन दुसऱ्या जातीतला मुलगा निवडला, तर तुझी भूमिका काय?"

"आधी तिचा लंगोट तर सुटू दे, संतू!" अक्का म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघितलं, आत गेली, मीठ-मिरच्या आणल्या आणि माझ्यावरूनच ओवाळून चुलीत टाकल्या.

अंधश्रद्धा! नापास.

दुसरा माझा मेहुणा, मीनाचा धाकटा भाऊ शिवलिंग. लातूरला त्याचं पाइपांचं दुकान. कपाळाला विभूती, हातात मोबाईल.

"शिवा, आमच्यामागं ओवीला चित्रकार व्हायचं असेल, तर?"

"होऊ द्या की, दाजी. डॉक्टर झाल्यावर रविवारी चित्रं काढंल."

हाही नापास! लातूरची हवाच तशी, दुसरं काय.

मग मला आठवला पुण्यातला कॉलेजचा मित्र. वाचणारा, नास्तिक, तंबाखू नाही, टिळा नाही. मी स्वतःवरच इतका खूश झालो, की त्याला विचारायचंसुद्धा राहून गेलं. रविवारी शेजारच्या वकीलसाहेबांना घरी बोलावलं. म्हटलं, होऊन जाऊ द्या.

वकीलसाहेब खुर्चीत बसतात न बसतात, तोच दारात रिक्षा. आतून अक्का उतरली, डाळिंबांची पिशवी घेऊन. मागून शिवा, दोन्ही हातांत शहाळी. दोघांची फोनाफोनी झाली होती म्हणे.

अक्कानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "संतू, काय निघालं रे रिपोर्टात?"

"कसला रिपोर्ट?"

"लपवू नका, दाजी," शिवा कानाशी येऊन म्हणाला. "लातूरला लई चांगले डॉक्टर हायत. माझी वळख हाय."

वकीलसाहेबांना बघून तर अक्कानं पदर डोळ्यालाच लावला. मी घाईघाईनं सगळं समजावलं. तुरीतली गाडी, मृत्युपत्र, पालक.

"म्हणजे तू मरायला न्हाईस?"

"नाही गं!"

"मग झालं. पालक कोण ठेवलास?"

मी मित्राचं नाव सांगितलं. आणि मग जे पेटलं म्हणता!

"पुण्याचा?" अक्का कडाडली. "बारशाला पोरीच्या कानात कुर्र कोण केलं? पुण्याचा आला होता का? आत्या म्हणून मी केले! मान माझा हाय!"

"आन् जावळ कुणाच्या मांडीवर काढलं, अक्का?" शिवानं शहाळी खाली आदळली. "मामाच्या! नव्या पँटीवर मुतली पोरगी, तरी हाललो न्हाई मी! मान माझा हाय!"

"तू लेकरू सांभाळतूस का पाइप?"

"तुम्हाला गुडघ्यानं उठता येईना, तुम्ही तिच्यामागं पळणार?"

मी टेबलावर चढायचाच बाकी होतो. "मूल म्हणजे मान नव्हे! ओवी स्वतंत्र व्यक्ती आहे! थांबा, मित्रालाच फोन लावतो." लावला. स्पीकरवर. सगळ्यांना कळू दे, विवेक काय असतो!

"अरे, तुला ओवीचा पालक नेमतोय मी."

पलीकडून प्रश्न आला, "ओवी कोण?"

"माझी मुलगी!"

"अरे वा, अभिनंदन! कधी झाली? पण संत्या, माझ्याकडं कुंडीतलं रोप जगत नाही रे…"

मी फोन बंद केला. शिवा छताकडं बघत राहिला. हसू दाबताना त्याची विभूती हलत होती.

तेवढ्यात वकीलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोरीची आई कुठंय?"

"चहा करतेय."

"तिला कोण पाहिजे?"

मी स्वयंपाकघराकडं बघितलं.

"सर," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही आधी गेलात तर पोर आईकडंच राहतं. आणि आईनं तिच्या मृत्युपत्रात पालक नेमला, तर तोच खरा. तुमचा कागद त्यानंतर. तिला विचारलंच नाही तुम्ही?"

आदल्याच दिवशी मी स्त्री-पुरुष समानतेवर तासभर बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या!

मीना पदराला हात पुसत बाहेर आली. कडेवर ओवी.

"अक्काकडं राहील ही," ती म्हणाली. "मागं ताप आला तेव्हा ही आई-बाबा नाही म्हणाली, 'अक्का' म्हणून रडली. संतोष भाषणाला होता. अक्का फोन ठेवून मिळेल त्या एसटीनं आली. आणि शाळेचं शिवा बघेल. पण चित्रं काढू द्यायची रे, रोज."

"रोज काढू दे, ताई," शिवा म्हणाला. अक्कानं हात पुढं केले आणि ओवी उडी मारून तिच्याकडं गेली. पोरीच्या डोक्याला अक्कानं दिलेलं तेल, गळ्यात तिनंच बांधलेला काळा दोरा. मला एकदम कळलं, त्या तुरीत बसून मी जे विचारत होतो, त्याचं उत्तर मुखेडातच मागं ठेवून आलो होतो.

"अहो," मीना म्हणाली. ती एरवी मला नावानं हाक मारते, माझाच आग्रह. रागावली की 'अहो'. पण ती बोलत होती वकीलसाहेबांशी. "अहो साहेब, समजा मी आधी गेले. तर ओवीच्या बापाला कुणी सांभाळायचं, तेही लिहिता येतं का?"

अक्का आणि शिवानं एकमेकांकडं बघितलं.

मग अक्का घाईनं म्हणाली, "तो मान शिवाचा बरं का."

"न्हाई न्हाई अक्का," शिवानं दोन्ही हात जोडले, "तुम्ही थोरल्या. मान तुमचाच!"