न आलेल्या फोनचं बटण

मापताईंच्या हातात कानस असली की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या कारखान्यातला पहिला नियम. कुणी लिहून लावलेला नव्हता, पण मालकसुद्धा पाळायचे. त्या मान खाली घालून ॲल्युमिनियमचा ठोकळा घासत असायच्या आणि मालक दारात कागद घेऊन मुकाट्याने उभे.

आमचा कारखाना मोबाइलच्या कव्हरांचा. मी पॅकिंगच्या टेबलावर. नवा फोन बाजारात येतो त्याच दिवशी त्याचं कव्हर दुकानात टांगलेलं असतं, याचं तुम्हाला कधी नवल वाटलंय का? मला तरी कामाला लागेपर्यंत वाटलं नव्हतं. फोनची कंपनी आपलं माप कुणाला सांगत नाही. मग कव्हर आधी कसं तयार होतं? ऐकीव गोष्टींवर. कुठून तरी एक नकाशा फुटतो, कुणी तरी सांगतं की यंदा कॅमेरे तीन, कडा गोल, जाडी अमुक. त्यावरून मापताई त्या न आलेल्या फोनचा धातूचा ठोकळा बनवायच्या. त्याला आम्ही डमी म्हणतो. डमीवर कव्हर नीट बसलं की पोलादी साचा पाडायचा, साच्यातून हजारोंनी कव्हरं काढायची, आणि फोन आला की दुकानात पहिले आपण.

मापताईंचे वडील कुलपं दुरुस्त करायचे. किल्लीचे दात घासता घासता पोरीचा हात बसला. लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे त्या आल्या माझ्यासारख्याच, पॅकिंगला. एकदा साचेवाला आजारी पडला आणि एक कव्हर काही केल्या बसेना. ताईंनी नुसतं बोट फिरवून सांगितलं, "खालचा कोपरा जाड आहे, केसभर." मोजलं तर खरंच होता. तेव्हापासून त्या मापताई. त्यालाही आता एकवीस वर्षं झाली.

मागच्या वर्षी ज्या फोनवरून रामायण झालं, त्याचा नकाशा बरा होता. लांबी, रुंदी, कॅमेऱ्याची जागा, सगळं होतं. फक्त एक गोष्ट नव्हती. यंदा या फोनला एक जादा बटण येणार, अशी बोलवा होती. कुठे येणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनी दोन दिवस विचार केला. फोन हातात धरल्यावर अंगठा कुठे जातो ते पाहिलं आणि उजव्या कडेला, खालच्या बाजूला बटण घडवलं. डमीच्या पाठीवर कागदी पट्टी चिकटवून पेनाने लिहिलं, 'बटणाची जागा अंदाजे'. मालकांनाही तोंडी बजावलं. "बाकी सगळं पक्कं. बटणावर जाऊ नका. नमुन्याची पाच-पन्नास कव्हरं कच्च्या साच्यावर काढा, पोलादी साचा थांबवा."

मालक हो म्हणाले. इथवर सगळं ठीक होतं.

आता मालकांचे जावई. विक्रीचं काम ते बघतात. वय पस्तिशीचं, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि आम्ही सगळ्याजणी त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे जावईबापू म्हणतो. बापूंना डमी फार आवडली. त्यांनी ती खिडकीशी नेली, ती कागदी पट्टी फोटोत बरी दिसेना म्हणून नखाने खरवडून काढली, झकास फोटो काढला आणि दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला. 'आपली तयारी सुरू' एवढंच खाली लिहिलं. यात काय बिघडलं, असं त्यांना आजही वाटतं.

ताई थोरल्या भावाबरोबर राहतात. दादा निवृत्त कारकून. वर्तमानपत्र सोडलं आणि त्यांनी नव्या फोनच्या बातम्यांचं वेड घेतलं. पुढचा फोन घडीचा की सरळ, टॅबलेटची बॅटरी किती, आणि नवं अपडेट आपल्या फोनला मिळणार की आपला फोन यादीतून कटाप, याच चिंतेत माणूस दिवसभर असतो. स्वतःचा फोन सहा वर्षांचा. 'या फोनना अपडेट मिळणार नाही' अशी यादी कुणी छापली की दादांचा चेहरा निकालाच्या दिवसासारखा. या सगळ्या बातम्या ते एका व्हिडिओवाल्याकडून घेतात. त्याचं नाव राहू दे, आम्ही त्याला भविष्यवाले म्हणतो. लाखो लोक त्याला बघतात.

एका सकाळी चहाच्या वेळी दादा ओरडले, "फुटला! खरा फोन फुटला! बघ, बटण उजवीकडे खाली!"

ताईंनी चष्मा लावला. पडद्यावर त्यांचाच ठोकळा होता.

त्यांनी तो कसा ओळखला? कॅमेऱ्याच्या शेजारी त्यांची कानस एकदा निसटली होती आणि तिथे नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. ती चंद्रकोर फोटोत स्वच्छ दिसत होती. भविष्यवाले तर तिच्याभोवती लाल गोल काढून सांगत होते की, ही साधी खूण नाही मित्रांनो, हा हवेचा दाब मोजणारा नवा सेन्सर आहे, आणि पुढच्या अपडेटमध्ये तो चालू होणार आहे!

"दादा, ही माझी डमी आहे."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय म्हणजे? ही खोच माझ्या हातून पडलीय. मंगळवारी. मी स्वतःलाच शिव्या दिल्या होत्या."

"अगं, हा माणूस थेट कारखान्यातून बातमी काढतो."

"अरे, मग मी कुठे काम करते? भाजीच्या गाडीवर?"

दादांना तरीही पटलं नव्हतं. सख्खा भाऊ, तीस वर्षं एका घरात, एका किटलीतला चहा. त्याला बहिणीच्या हातापेक्षा कधी न पाहिलेल्या माणसाचा आवाज खरा वाटला. ताई मला म्हणाल्या, "मला सगळ्यात जास्त ते झोंबलं गं."

त्यांनी दादांकडूनच व्हिडिओखाली लिहवून घेतलं, की हा फोन नाही, हा ठोकळा मी बनवला आहे, बटणाची जागा अंदाजाने ठरवली आहे आणि तो सेन्सर म्हणजे कानशीचा ओरखडा आहे. पाच मिनिटांत उत्तरं आली. कुणी हसण्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, 'काकू, आधी चष्मा बदला.' दुपारपर्यंत ताईंचं लिहिलेलंच तिथून गायब झालं. हसणारे मात्र जागच्या जागी.

कारखान्यात आल्या तर मालक खुशीत. टेबलावर तोच व्हिडिओ चालू.

"बाई, तुम्ही म्हणजे कमाल आहात! तुमचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. जगाने शिक्कामोर्तब केलंय."

"जगाने नाही, मालक. हा फोटो आपल्याच डमीचा आहे. साहेबांनी काढला, ग्रुपवर टाकला, तिथून तो फिरत फिरत परत आपल्याकडे आलाय. माझ्या अंदाजाला माझ्याच अंदाजाची साक्ष काढताय तुम्ही."

बापू म्हणाले, "ताई, आणखी चार चॅनलवर पण हेच आहे."

"चारही जणांनी एकाचंच उचललंय!"

"सगळे चूक आणि तुम्ही एकट्या बरोबर?"

"हो! कारण ते घासलंय मी!"

एवढा मोठा आवाज त्यांचा आम्ही कधी ऐकला नव्हता. मशिनं चालू होती तरी पॅकिंगपर्यंत ऐकू आलं. मालकांनी हात वर केला आणि म्हणाले की थांबलो तर दुसरे पुढे जातील. साचा पाडायचं ठरलं. तीस हजार कव्हरं. मंजुरीच्या कागदावर 'मापाची खात्री केली' अशी एक जागा असते, तिथे दरवेळी ताईंची सही लागते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी केलेली नाही खात्री. खोटी सही देणार नाही." मग बापूंनी रुबाबात स्वतःची सही ठोकली.

फोन आला त्या दिवशी जेवणघरातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून तो सोहळा पाहिला. तो देखणा माणूस मंचावर चालत आला, त्याने फोन कडेने धरला, आणि बटण डावीकडे होतं. डावीकडे, वरती. चंद्रकोर कुठेच नव्हती. बापू मोबाइलवर काहीतरी शोधत राहिले, जणू दुसऱ्या कुणी उजवीकडचा फोन दाखवला असता.

आणि त्या भविष्यवाल्याने काय केलं? संध्याकाळपर्यंत नवा व्हिडिओ. कंपनीने शेवटच्या क्षणी आराखडा बदलला, म्हणे. माझी बातमी खरीच होती! पुढच्या आठवड्यात तो नव्या टॅबलेटचं भविष्य सांगत बसला होता, त्याच उत्साहात. त्याचं काय बिघडलं? काहीच नाही.

बिघडलं आमचं. पॅकिंगच्या बाराजणींना सांगण्यात आलं की माल नाही, पुढचं कळवेपर्यंत घरी बसा. वर सुपरवायझर म्हणाला, "मापताईंची डमी चुकली." आम्हीही कशा! सगळं डोळ्यांदेखत घडलेलं, तरी दोघी-तिघी कुजबुजल्याच, की वय झालं आता बाईंचं.

ते ताईंच्या कानावर गेलं. तळपायाची आग मस्तकात गेली असणार, पण त्या ओरडल्या नाहीत. सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेल्या आणि मंजुरीचा कागद मागितला.

"माझी सही दाखवा यावर."

मालकांनी कागद पाहिला. मग शेजारी बसलेल्या जावयाकडे पाहिलं. मग कागदाकडेच बघत राहिले. "बाई, झालं ते झालं. घरचा माणूस आहे."

"बाराजणी घरी बसल्यात, त्यांच्याही घरी माणसं आहेत. मला तुमची माफी नको. साहेबांनी पॅकिंगमध्ये येऊन सगळ्यांसमोर सांगायचं, चूक कुणाची. आणि ती कव्हरं मला द्या, काय वाचवता येतं ते बघते."

तीन दिवस खपून ताईंनी लाकूड आणि पत्र्याचं एक हातयंत्र बनवलं. कव्हर त्यात बसवायचं, दांडा दाबायचा, की डाव्या कडेला नेमक्या जागी खाच पडते. उजवीकडचं चुकलेलं भोक मात्र राहणारच. सहाव्या दिवशी आम्हाला परत बोलावणं आलं. टेबलापाशी जावईबापू उभे होते. कॉलर सारखी करत म्हणाले, "ते... बटणाच्या बाबतीत... माझ्याकडून घाई झाली. ताईंनी आधी सांगितलं होतं." मान वर केली नाही. पण बोलले. मी आयुष्यात कुठल्या साहेबाला असं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, कुजबुजणाऱ्यांत मीही होते, म्हणून मीही मान खाली घातली.

कव्हरं खपली. कशी? बापूंनी त्या चुकलेल्या भोकाला 'दोरी ओवण्याची खास सोय' म्हणून विकलं. डब्यावर तसं छापलंसुद्धा. लोकांनी दोऱ्या ओवल्या! ते कळल्यावर ताई पुन्हा भडकल्या. "म्हणजे चूक कबूल केली ती चार भिंतींच्या आत. बाहेर तिचीच शोभा करून विकली." मी म्हटलं, "ताई, जाऊ द्या, पगार तर निघाला." त्या माझ्यावरच उखडल्या. "तुला पटतं ना हे? मग तुझ्यात आणि त्या व्हिडिओवाल्यात फरक काय?"

त्यानंतर ताईंनी न आलेल्या फोनची डमी बनवणं सोडलं. मालकांनी बाबापुता करून पाहिलं, नव्या टॅबलेटचा नकाशा समोर ठेवला, वाढीव पगाराचं बोलले. ताईंचं उत्तर एकच, "वस्तू आणून हातात द्या, मग मोजते." आता फोन बाजारात आला की पहिल्या दिवशी माणूस पाठवून तो विकत आणतात आणि ताईंच्या टेबलावर ठेवतात. आमचं कव्हर इतरांच्या मागून आठ-दहा दिवसांनी येतं. मालक कुरकुरतात. बाहेरून डमी बनवून घेण्याच्या गोष्टी करतात, आज ना उद्या करतीलही.

बारांपैकी दोघी परत आल्याच नाहीत. एकीला त्या सहा दिवसांत लाँड्रीत काम मिळालं, उभ्याचं, वाफेतलं, आमच्यापेक्षा कमी पगाराचं. परत बोलावतील या भरवशावर तिला थांबता आलं नाही. दुसरीचा फोन लागत नाही. ताई दोनदा तिच्या पत्त्यावर जाऊन आल्या, खोलीला कुलूप होतं. परवा दादांनी टेबलावर व्हिडिओ लावला, तोच आवाज, "मित्रांनो, आतली पक्की बातमी..." ताईंनी उठून तो बंद केला नाही. शांतपणे म्हणाल्या, "विचार त्याला दादा, आमच्या दोघीजणी कुठे आहेत, त्याची आहे का आतली बातमी?"