कड्या काढलेलं घर

तो प्रसंग मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि आठवला की आधी हायसं वाटतं. पोलिसाच्या आठवणी सहसा अशा नसतात. बऱ्याचशा निघाल्या की ताटातला घास गोड लागत नाही. ही एक मात्र निघाली की हात जोडावेसे वाटतात. नावं कुणाचीच देणार नाही. ती माणसं वाशीम जिल्ह्यात आजही सुखानं नांदत आहेत, त्यांना तसंच नांदू द्यावं.

मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती आणि हरभऱ्याच्या पेरणीची घाई होती. अशा दिवसांत ठाण्यात गर्दी कमी असते. भांडायलाही माणसाला वेळ लागतो, आणि पेरणीत तो कुणाजवळ नसतो. एका सकाळी तिशीतला एक शेतकरी बायको हरवल्याची तक्रार घेऊन आला. आदल्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर ती घरात नव्हती. मोबाईल घरीच होता. नातेवाइकांकडे, मंगरूळपीरच्या बसस्टँडवर, सगळीकडे तो पाहून आला होता. जवळ फोटो होता तो लग्नातला. आम्ही मिसिंगची नोंद घेतली, वर्णन आणि फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला.

"भांडण झालं होतं?" मी विचारलं.

"नाई."

"काही त्रास होता तिला?"

इथं तो थबकला. मग म्हणाला, "नाई." माणूस खोटं बोलायच्या आधी असा थबकतो, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये नाही, बाकावर बसलेल्या माणसांकडून शिकतो.

त्याच दुपारी ठाण्यात एक फोन आला. नाव सांगायला तयार नसलेला एक माणूस म्हणाला, "सायेब, त्याची बायको हरपली म्हणते ना तो? त्याले इचारा, वावरातली इहीर काहून बुजवली. ती दिसेनाशी झाली त्याच्या आदल्या दिवशीच जेसीबी लावून बुजवली त्यानं." आणि फोन ठेवला.

पाण्याची विहीर, तीही हरभरा पेरायच्या तोंडावर, कुणी शहाणा माणूस बुजवत नाही. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की लोक नारळ फोडतात. आम्ही गावात जाऊन आलो. विहीर खरोखरच बुजवलेली होती, वरची माती अजून ओली होती. आणि विहीर बुजवल्यापासून त्या बाईला शेजारीपाजारी कुणी पाहिलेलं नव्हतं. गावाचा तपास तर केव्हाच पूर्ण झाला होता. गावात तो नेहमीच आमच्याआधी पारावर पूर्ण होतो, फक्त पंचनामा तेवढा आमच्यावर ठेवलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मालेगावच्या बाजूच्या एका खेड्यातून तिचे वडील आले. उन्हानं रापलेला, ताठ कण्याचा माणूस. "माह्या पोरीले त्यानं त्या इहिरीत गाडलं," ते म्हणाले. "खुनाचा गुन्हा लावा. नाई तं मी इथून हालत नाई."

आणि ते खरंच हलले नाहीत. रोज सकाळच्या बसनं यायचे, फडक्यात बांधलेली भाकर मांडीवर ठेवून व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे. जावई चौकशीसाठी आला की उठून त्याला शिव्या द्यायचे. शिपायांना मध्ये पडावं लागे. मला त्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. पण फाईल थंड पडू न देणारा तो एकच माणूस होता.

चौकशीत नवऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं. "काठ खचून राह्यले होते, म्हणून बुजवली." शेजारच्या शेतकऱ्यांनी सांगितलं की विहीर बांधीव होती, तिच्या काठाचा दगड कधी हलला नव्हता. म्हणजे गडी सरळ खोटं बोलत होता. मी उलटसुलट विचारलं, दरडावलं, तासन् तास समोर बसवून ठेवलं. तो खाली पाहून तेच वाक्य म्हणायचा. स्टाफमधला एक जण म्हणाला, "साहेब, नुसतं आमच्या खोलीत पाठवा. पोपटासारखा बोलेल." बाहेर गाव खवळलेलं होतं, मोबाईलवर त्याचा फोटो 'बायकोचा खुनी' म्हणून फिरत होता, त्याच्या घरावर दगड पडून गेले होते. अशा वेळी ठाणेदारानं तिकडे पाठ केली तर त्याला कुणी बोल लावत नाही.

मी नाही म्हटलं. कारण फार मोठं नव्हतं. गुन्हा केलेला माणूस फिरून फिरून स्वतःवर येतो. माझं काय होईल, घरी कधी सोडाल. हा रोज आत आला की पहिल्यांदा विचारायचा, "तिचा काई पत्ता?" आणि जाताना म्हणायचा, "मले जे कराचं ते करा सायेब, पण तिले पाहनं सोडू नका." नाटकं करणारे मी पुष्कळ पाहिलेत, हाही त्यातलाच असू शकत होता. तरी मी स्टाफला बजावलं की याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही.

विहीर उकरायचं ठरलं. नायब तहसीलदार आले, पंच आले, अॅम्ब्युलन्स येऊन उभी राहिली. सगळं गाव बांधावर जमलं. वडील काठाशीच बसले होते, त्यांना मागे सरकवायची कुणाची छाती झाली नाही. यंत्राची प्रत्येक बादली वर आली की माणसं माना उंचावायची. शेवटी काळा गाळ निघाला, मग पाण्याचे झरे लागले. आत काही नव्हतं. वडिलांनी डोक्यावरचा रुमाल तोंडाला लावला आणि रडले. ते रडणं कशाचं होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गावाचा राग मात्र उतरला नाही. "दुसरीकडं पुरली असन," म्हणत लोक पांगले.

मग घरझडती घेतली. माझ्यासोबत आमच्या हवालदार बाई होत्या. स्वभावानं फटकळ, साहेबालाही तोंडावर सुनावणाऱ्या. आम्ही रक्ताचा डाग, तुटलेली बांगडी असलं काही शोधत होतो. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, या घरात विळी नाही."

"मग?"

"मग काय मग? तुम्ही कधी भाजी चिरली असती तर कळलं असतं. विळी नाही, सुरी नाही. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा नाही. शेतकऱ्याचं घर आहे आणि फवारणीच्या औषधाचा डबा नाही."

विळी गोठ्यात सापडली, आढ्याला पोत्यात गुंडाळून खोचलेली. औषधाचा डबा शेजाऱ्याकडे होता, तो म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडं म्हणे, म्हणून ठेवला." तोवर बाईंनी घराचं दार लोटलं होतं. "आता हे आतून लावा, सर."

दाराला आतून कडी नव्हती. स्क्रूची भोकं मात्र नवी होती. मधल्या खोलीलाही नव्हती, मोरीच्या दारालाही नव्हती.

"ज्याला मारायचं असतं तो विळी लपवत नाही, सर," बाई म्हणाल्या. "आणि आतल्या कड्या काढतो कोण? आत कुणी कोंडून घेईल याची ज्याला भीती असते तो."

मी मोरीच्या दारावरच्या त्या भोकांवरून बोट फिरवलं. आम्ही ज्या घरात खुनाचा पुरावा शोधत होतो, ते घर एका माणसानं कुणाला तरी वाचवण्यासाठी लावलेलं होतं.

ठाण्यात परत आल्यावर मी खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त हवालदार बाईंना थांबवलं. त्याला चहा दिला. विहिरीचं नावही काढलं नाही. इतकंच विचारलं, "कड्या केव्हा काढल्यास?"

त्यानं झटकन वर पाहिलं. मग कप खाली ठेवला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला.

त्यांचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. तेव्हापासून तिची झोप गेली. "मीच खाल्लं लेकरू," म्हणून रात्रंदिवस बसून राहायची. एकदा पहाटे ती विहिरीच्या काठाशी सापडली. दुसऱ्यांदा पायऱ्यांवरून त्यानं तिला ओढून आणलं. त्याच दिवशी त्यानं यंत्र बोलावलं.

"इहीर पुन्हा खोदता येते, सायेब," तो म्हणाला.

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली होती. तिच्या लहान बहिणीची सोयरीक जुळली हाय. मोठी डोक्यानं अशी हाय असं गावभर झालं, तं लहानीचं लगन मोडते. मामाजीनं लै खेटे घालून जमवलं थे."

"तेच मामाजी बाहेर बसून तुला फासावर चढवायला निघालेत."

"बाप हाय ना तिचा," तो म्हणाला. "बसू द्या."

मग मी त्याला समजावलं की ती जिवंत हवी असेल तर बापाला हे सांगावंच लागेल. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "सांगा मंग."

फिर्यादीला आणि संशयिताला एका खोलीत बसवू नये, असं आम्ही नव्या फौजदारांना शिकवतो. त्या दिवशी मी बसवलं. सगळं ऐकून म्हाताऱ्यानं मांडीवरचं भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं. मग जावयाला म्हणाला, "मले काहून नाई सांगतलं?" उत्तर म्हाताऱ्याला माहीतच होतं.

हवालदार बाई म्हणाल्या, "आजवर आपण मेलेली बाई शोधत होतो. आता आजारी बाई शोधू." बेवारस मृतदेहांची चौकशी बाजूला ठेवून त्यांनी दवाखाने आणि महिला आश्रयगृहांना फोन करायला घेतले. त्या नाव सांगत होत्या, तेवढ्यात वडील म्हणाले, "बाई, हे नाव तं याच्या घरचं. लगनात बदललं थे. आमच्या घरी तिचं नाव दुसरं होतं. घाबरली असन तं थेच सांगन."

ते नाव घेऊन पुन्हा पहिल्यापासून फोन सुरू झाले. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका आश्रयगृहातून उत्तर आलं. त्या नावाची एक बाई तिथं होती. बसस्टँडवर उपाशी बसलेली सापडली होती, माहेरचं नाव तेवढं सांगायची, गाव विचारलं की गप्प व्हायची. आम्ही पाठवलेला फोटो तिथल्या ठाण्यामार्फत त्यांच्याकडे पोचला होता. पण त्या फोटोतली दागिन्यांनी मढलेली नवरी आणि ही वाळून काटकी झालेली बाई एकच, हे कुणाला ओळखू येणार?

आम्ही गाडीत बसणार, तेवढ्यात वडील म्हणाले, "सायेब, पह्यले एक फोन करू द्या." त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना माझ्यासमोर फोन लावला. "माह्या मोठ्या पोरीचं मन बिमार हाय. आता दवापानी करनार हावो. लपवून लगन नाई करत मी. तुमाले पटलं तं करा, नाई तं राग नाई." पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. म्हाताऱ्यानं फोन खिशात ठेवला आणि चष्मा पुसत म्हणाला, "मोठीले लगनाले आणजा, म्हन्ते." जावयानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

आश्रयगृहात आधी मी आणि हवालदार बाई आत गेलो. दोघा पुरुषांना दारातच थांबवलं होतं. ती पलंगावर बसली होती. मी कोणत्या ठाण्याचा ते सांगितलं, घरी न्यायला आलोय म्हणालो. ती आनंदली नाही, घाबरलीही नाही. माझ्या गणवेशाकडे पाहत राहिली.

"माह्यापायी इहीर बुजवली त्याईनं," ती म्हणाली. "म्हणून मी निंगाली. मीच नसली तं त्याईले तरास नाई." मग तिचा आवाज एकदम बदलला. "मी गेली म्हणजे गाव त्याईलेच धरन. सायेब, त्याईले मारलं तं नाई ना तुमी?"

"नाही," मी म्हणालो. "कुणी बोटसुद्धा लावलं नाही."

तिनं हवालदार बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. मगच ती पलंगावरून खाली उतरली. "मंग चाला," म्हणाली.

पुढं अकोल्याला तिचे उपचार झाले. हळूहळू झोप लागू लागली, मधे दोनदा घसरली, पुन्हा सावरली. बहिणीच्या लग्नात ती उभी होती. आता त्यांना एक मुलगी आहे. त्या प्रकरणानंतर मिसिंगची तक्रार आली की 'कुणावर संशय आहे?' याच्या आधी मी एक प्रश्न विचारू लागलो, 'त्यांची तब्येत, मन बरं होतं का?' बऱ्याच घरांतली माणसं त्या प्रश्नावर थबकायची, आणि मग मी घाई करत नसे.

नोकरीत बक्षिसं मिळाली, प्रशस्तिपत्रंही मिळाली, ती कुठल्याशा पेटीत आहेत. पण त्या खोलीत, त्या बाईच्या डोळ्यांत पाहून, मला खरं बोलून 'नाही' म्हणता आलं. ते म्हणता आलं नसतं तर ती पलंगावरून उतरली नसती, आणि मला तिला चल म्हणायचं तोंड राहिलं नसतं. त्या एका शब्दासाठी मी फटकळ बोलणाऱ्या आमच्या हवालदार बाईंचा, बाकावरून न हललेल्या त्या बापाचा, आणि खुनी म्हणवून घेऊनही आधी बायकोचा पत्ता विचारणाऱ्या त्या नवऱ्याचा जन्मभर ऋणी आहे.