नंबराचं जुनं नाव

लिव टीना, तुह्याच मायची गोष्ट हाय, लाजू नोको.

तुही माय उर्वशी लगन होऊन आंधळगावात आली तवा कंपूटर शिकून आली होती. मी म्हटलं, रेशमाच्या कोशाचा धागा काढता येत नाही, आमच्या घरी काय करशीन वो? तिनं विणकर बायायच्या संस्थेतलं लिवणं-वाचणं धरलं. औंदा तिनं मेलची नवी मशीन बसवली, संस्थेच्या नावाची. मशीनीले नंबर लागते, तो एका कंपनीकडून घेतला.

बंगलोरच्या दुकानवाल्यानं सांगतलं होतं, पाच वाजेपर्यंत साड्यायचे फोटो अन् कबुली संस्थेच्या मेलवरूनच पायजे, नाही त काम दुसऱ्याले. बारा हातमागायचं दिवाळीपर्यंतचं काम होतं ते. उर्वशीनं सकाळीच मेल धाडला. वापस आला. पुन्हा धाडला, पुन्हा वापस.

सचिव भोजराज दारातून म्हणे, "वहिनी, जुनी मशीन काय चावत होती?"

"भाऊजी, चहा पाजा, नाही त गप बसा."

दुपार झाली तरी जेवाले आली नाही, म्हणून मीच भाताचं ताट घेऊन गेली. म्हटलं, "काहून वापस येते वो?"

"आई, तिकडची मशीन नाव इचारते. आपली बराबर सांगते, तरी तिले पटत नाही."

"मंग तिचं माह्यासारखंच झालं."

मी माहेरची सत्यभामा. लग्नात ताटातल्या तांदळात बोटातल्या सोन्याच्या मुंदीनं रुखमिणी लिवलं, तवापासून रुखमिणी. पहिल्यांदा मत द्याले गेली, नाव सांगतलं रुखमिणी. मास्तरानं यादी पाह्यली अन् म्हणे, बाई, या नंबरावर त सत्यभामा हाय, जा वापस.

उर्वशीचा घास हातातच रायला. "आई, नावावरून नंबर पाह्यला म्या. नंबरावरून नाव पाह्यलंच नाही."

पाह्यलं, त नंबरावर आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाचंच नाव चिकटून होतं. ते बदलवणं कंपनीच्या हातात. फोन लावला, त तिकडचा माणूस म्हणे, उद्या करतो.

"उद्या नाही दादा. तुम्ही करा, मी फोन धरून बसली हावो."

अन् बसली. त्यानं बदलवलं, पण सगळीकडे कळाले वेळ लागते म्हणे. चार वाजता मेल धाडला, वापस. साडेचारले धाडला अन् आम्ही पाहत बसलो. वापस काही आलं नाही. पाचाले सात मिनिटं होते तवा उत्तर आलं, मिळालं, विणाले घ्या.

भोजराजनं दोनदा वाचलं. "मंग वहिनी, मशीनीचं लगन लागलं म्हणा."

"लागलं. मामा तुम्ही होते, आता चहा तुमच्याकडून."

चहा आला, बाराही मागायवरच्या बायायले.

अन् टीना, हे मोठ्या अक्षरात लिव. यादीत माह्यं नाव बदलाले सात वर्षं लागले. तुह्या मायनं मशीनीचं एका दुपारी बदलवलं.