सूर्य न मावळणारा जिल्हा

मंगळवारी माझे पती वारले. इथे बहरीनमध्ये, मनामातल्या कार्यालयात, टेबलाशी. त्याच दिवशी मगरिबच्या, म्हणजे मावळतीच्या नमाजानंतर त्यांना दफन केलं. आमचा मुलगा तेव्हा स्वीडनमध्ये जमिनीखाली कामावर होता. तो वर आला आणि त्याने फोन उघडला, तोवर माती देऊन झाली होती.

तो आला, कबरीवर जाऊन आला, काही दिवस राहिला. परत जाताना दारात बूट घालत म्हणाला, "अम्मी, इद्दत झाली की तिकडे ये. कायमची."

"बघू," मी म्हटलं.

"बघू म्हणजे नाय. अब्बापण असंच बोलायचे."

नवऱ्यामागे बाईने जो काळ घरात काढायचा, ती इद्दत. मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. शाळेने रजा दिली आणि सोबत विचारलंही: पुढच्या वर्षी आहात की नाही, ते रमजान संपेपर्यंत कळवा. म्हणजे मनामातल्या उम्म अल हस्सम वस्तीतल्या या दोन खोल्यांत राहायचं की मुलाच्या जिल्ह्यात जायचं, हे मला तोवर ठरवायचं होतं. बाहेर जायचं नव्हतं, म्हणून मी तो जिल्हा वाचायला घेतला. ग्रंथालयातली माझी सहकारी पुस्तकं पिशवीत घालून आणून द्यायची.

नॉरबॉटन हा स्वीडनचा अगदी उत्तरेचा जिल्हा. महाराष्ट्राचे तीन भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. आमचं बहरीन त्यात शंभरदा मावून वर जागा उरेल. माणसं मात्र एखाद्या तालुक्याएवढीच, आणि तीही बरीचशी समुद्रकाठच्या शहरांत. पश्चिमेला नॉर्वेच्या सरहद्दीवर डोंगर आहेत. तिथल्या राखीव रानात रस्ता नाही, विजेचा खांब नाही, झोपडीही क्वचितच. मधल्या भागात पाइनची जंगलं आणि दलदल. त्या जंगलांत लोखंडाच्या खाणी आहेत. मुलगा त्यातल्याच एका खाणीत यंत्रं दुरुस्त करतो. रोज रात्री सुरुंग लागतात तेव्हा वरच्या गावात कपाटातली भांडी किंचित वाजतात. खाण गावाच्या पोटाखाली सरकत आली, म्हणून गाव हलवायचं ठरलं. लाकडाचं जुनं चर्च अख्खं उचलून, चाकांवर घालून, रस्त्याने चालवत नव्या जागी नेलं.

चर्च हलवतानाची चित्रफीत माझ्या पतींनी पुन्हा पुन्हा बघितली होती. "बघ गो," ते म्हणाले होते, "आपल्याला मनामात घर बदलायचं तर टेम्पोवाला कपाटाची काच फोडतो. इथं खिडकीची एक काच हलली नाय."

त्यांचा त्या जिल्ह्याशी संबंध फोनवरचा होता. मुलगा गेला तेव्हा रमजान जूनमध्ये येत असे, आणि जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही. मावळतीला रोजा सोडायचा, तर मावळती कुठून आणायची? माझ्या पतींनी मशिदीच्या इमामांना विचारलं. ते म्हणाले, सूर्य मावळतो अशा जवळच्या शहराची वेळ धरा, नाहीतर मक्केची धरा.

"मक्का लांब," हे घरी येऊन म्हणाले. "आपली खिडकी जवळ."

नकाशावर मक्का आणि मनामा दोन्ही मुलाला जवळपास सारखीच लांब आहेत, हे मी म्हटलं नाही. त्या वर्षीपासून रमजानमध्ये मगरिबची बांग झाली की हे फोन खिडकीबाहेर धरत. चार इमारती सोडून मशीद आहे. बांग संपली की तिकडे मुलगा खजूर तोंडात टाकायचा. त्याच्या डोक्यावर ऊन असायचं आणि सोबतचे कामगार त्याच्याकडे बघत असायचे. "यल्ला, चल, खा आता," हे ओरडायचे आणि फोन घेऊन आतल्या खोलीत जायचे. मी तेव्हा स्वयंपाकघरात भजी तळत असे. त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी कानावर यायचं.

"रानात कुणीपण जाऊ शकतं? कुंपण नाय?"

मुलगा काहीतरी सांगायचा.

"आणि फळं तोडली तर? मालक बोंबलत नाय?"

पुन्हा काहीतरी.

"मग आपल्या गावच्या आंब्यांना तिथंच नेऊन लावायला हवं. नाय नाय, आंबा नको. लोक एका रात्रीत झाड मोकळं करतील."

रानफळं कुणीही तोडावीत असा तिथला रिवाज आहे, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. रेनडिअर रानात मोकळे फिरतात, पण ते पाळणाऱ्या प्रत्येक घराण्याची त्यांचे कान कापायची खूण वेगळी असते, तेही सापडलं. ते वाचताना लक्षात यायचं की हे आपण आधी ऐकलंय, भज्यांच्या कढईवरून.

आमच्या वरच्या मजल्यावर रायगडची एक बाई राहते. इद्दतीत ती रोज डोकावायची. एकदा मांडीवरच्या पुस्तकातला बर्फ बघून म्हणाली, "भाभी, जाताव काय खरंच? म्हावरं मिळतं काय तिथं?"

"मासे मिळतात. नदीतले, तळ्यातले."

"गोड्या पाण्यातलं?" तिने तोंड वाकडं केलं. "मग पोरगा बोलावतो कशाला?"

इद्दत संपली आणि थोड्याच दिवसांत रमजान लागला. पहिल्या संध्याकाळी बांग सुरू झाली तेव्हा फोन माझ्या हातात होता. मी मुलाला लावला आणि खिडकीबाहेर धरला. बांग संपल्यावर "खा," म्हटलं. यल्ला म्हणणं मला जमलं नाही. तो "हां अम्मी" म्हणाला. मी फोन ठेवला आणि माझा रोजा सोडला. असं रोज चाललं. ठरवायचं ते मात्र ठरत नव्हतं.

मग एका दुपारी त्या जिल्ह्यातल्या उजेडाविषयीचं प्रकरण वाचनात आलं. जूनमध्ये सूर्य मावळत नाही, डिसेंबरात उगवत नाही, आणि मार्चच्या सुमारास दिवस जवळपास आपल्याइतकाच असतो. मी पुस्तक उलटं ठेवलं. रमजान दर वर्षी थोडा अलीकडे सरकतो. तो जूनमधून निघून कधीच हिवाळ्याच्या कडेला आला होता. मुलाला त्याची स्वतःची मावळती होती, आणि ती आमच्या मावळतीनंतर तास-दीड तासाने होत होती.

त्या संध्याकाळी बांग संपल्यावर मी "खा" म्हटलं नाही. विचारलं, "तुझ्याकडे सूर्य कुठाय?"

"आहे अजून. जंगलावर."

"मग तू खात नाहीस."

"आत्ता नाय. मावळला की खातो."

"किती वर्षं?"

"झाली चार-पाच."

"अब्बांना माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं मला. म्हणाले, आता तुझा सूर्य तुला मिळाला, माझी गरज खलास. मी म्हटलं, मग फोन बंद करायचा काय? तर म्हणाले, बंद कशाला, मला तुमच्या रानाचं पुढचं ऐकायचंय."

"आणि मी इतके दिवस खा म्हणतेय, तर बोलला नाहीस?"

"तू ठेवून द्यायचीस ना लगेच. अब्बा बोलत बसायचे."

मी खिडकीतच उभी होते. खाली गाड्या इफ्तारसाठी घाईने निघून गेल्या होत्या आणि रस्ता रिकामा होता. पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. "रानाचं पुढचं सांग," मी म्हटलं.

त्याने सांगितलं की नदीवरचा बर्फ अजून गाडी पेलतो, पण काठाशी त्याचा रंग बदलू लागलाय. जुन्या गावातल्या ज्या घरात तो आधी भाड्याने राहायचा ते पाडलं. तिथे आता कुंपण आहे. त्या सगळ्या जिल्ह्यात त्याला दिसलेलं हे एकच कुंपण. मी मध्येच खजूर खाल्ला. तो तासभर बोलत राहिला. मग म्हणाला, "अम्मी, मावळला," आणि त्याच्या चावण्याचा आवाज आला.

"इकडे येतेस ना?" त्याने शेवटी विचारलं.

"मी आले तर इकडून फोन कोण धरणार?"

"म्हणजे नाय."

"म्हणजे उन्हाळ्यात येईन. बघायला. आणि परत येईन."

तो हसला नाही. रागावलाही नाही. म्हणाला, "मग डासांचं औषध आण. इथले डास आपल्यापेक्षा मोठे."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला होकार कळवला, एका वर्षाचा.

रमजान संपला. घर आहे, ग्रंथालय आहे, कबर इथे आहे. बांग झाली की मी अजून फोन लावते आणि रानाचं पुढचं विचारते. तिकडे सूर्य आता रोज जास्त वेळ वर राहतो.