आधी पान, मग प्रवास

प्रवासाहून आल्यावर आठवणी जमवणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण निघायच्या आधीच आठवणी तयार ठेवणारी बाई मी एकच पाहिली: मैसूरला चामराजपुरममधल्या माझ्या घरमालकीणबाई. मेटगळ्ळीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी नाशिकहून तिथे गेलो आणि पहिल्याच दिवशी त्यांना 'काकू' म्हणून बसलो. "अक्का म्हण की रे, काकू म्हटलं की म्हातारं वाटतं, अल्ला? नाही का?" त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मैसुरातलं, मूळचं रंगाऱ्यांचं, त्यामुळे बोलणं अर्धं कन्नड आणि रंगाच्या बाबतीत नजर भारी कडक. साठी उलटल्यावर त्या टॅबवर डिजिटल स्क्रॅपबुक करायला शिकल्या आणि यजमानांच्या मागे साडेसाती लागली. कारण अक्का आधी पान करत. मथळा, वेलबुट्टी, फोटोखालचा मजकूर सगळं तयार, चौकटी तेवढ्या रिकाम्या. मग त्या भरायला प्रवास, आणि फोटो काढायला सोबत मी!

मडिकेरीच्या पानावर त्यांनी 'धुक्यात हरवलेले आम्ही' असं लिहून ठेवलं होतं. पोचलो तर लख्ख ऊन. यजमान बिचारे म्हणाले, "अगं, 'उन्हात सापडलेले' लिही ना." झालं! "अय्यो, सुम्ने बसा! गप्प बसलं की धुकं येतं." आम्हा दोघांना त्यांनी तीन तास कठड्यावर बसवलं, आणि आलं की हो मेलं धुकं! पुढची चौकट होती 'यजमान पोटभर हसताना'. हा गृहस्थ स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता. मी माझे ठेवणीतले सगळे विनोद संपवले. शेवटी एका माकडाने अक्कांचा चष्मा पळवला, तेव्हा ते असे काही हसले की फोटो तीनदा हलला.

अशी काशी झाली, काश्मीर झालं. पण टॅब हातात आल्यावर केलेलं अगदी पहिलं पान नऊ वर्षं तसंच होतं. ते हुणसूरचं. पिवळ्याधमक पानावर एकच चौकट आणि खाली 'धाकटी दार उघडताना'. धाकटी म्हणजे अक्कांची बहीण. आईच्या तेराव्याला चारचौघांत अक्का तिला बोलून गेल्या होत्या, "आईला बघायला वेळ नव्हता, जेवायला बरा मिळाला!" ती ताटावरून उठून गेली, ती गेलीच. हुणसूर बसने तासाभराचं, पण तिथे जायचं म्हटलं की अक्कांचे गुडघे दुखत. फोन करा म्हटलं तर म्हणत, "माफी फोनवर मागतात काय रे? दारात उभं राहून मागायची. आणि तिने दार लावून घेतलं तर? मग चौकटीत काय लावू?"

माझी नाशिकला बदली झाली, तेव्हा निघण्याआधीच्या रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढत बसमध्ये बसवलं. एरवी सगळ्यांना कसं उभं राहायचं ते सांगणारी ही बाई त्या दारापुढे स्वतःच कसं उभं राहायचं ते विसरली. मी कडी वाजवली. दार उघडलं. धाकटीने बहिणीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "उन्हात काय उभी राहिलीस? आत ये." फोटो मी तेवढ्यात काढला. मग दोघी पोटभर रडल्या, आणि जेवताना सारात चिंच जास्त झाली की कमी, यावर पोटभर भांडल्या.

परतीच्या बसमध्ये अक्कांनी तो फोटो चौकटीत बसवला. मला वाटलं, आता खूश होतील. त्या कितीतरी वेळ बघतच राहिल्या. "जमलं नाही का, अक्का?"

"पान केलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तिचे केस काळेभोर होते रे. त्यांना शोभेल म्हणून हा पिवळा घेतला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "पांढऱ्यावर तो नाही बसत."

मग हुणसूर ते मैसूर त्या एकेक रंग लावून बघत होत्या.