आभाळ मोकळं होईपर्यंत

आमच्या कॉलनीतला लॅपटॉप-दुरुस्तीवाला गिऱ्हाईक जे मागेल त्याला आडवा जातो. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन तडकली तेव्हा म्हणाला, "ओरिजिनल साडेआठ हजार, कॉपी साडेचार."

"ओरिजिनल टाका."

"एवढे कशाला घालवता, मॅडम?"

"मग कॉपी टाका."

"रंग फिके दिसतात. मी तरी नाही टाकणार."

शेवटी ओरिजिनल मागवली. तोवर माझं काम अडू नये म्हणून त्याने दुकानातला स्वतःचा मॉनिटर मला दिला. स्क्रीन आली त्याच दिवशी ढग आले, आणि हा शटर ओढून दिंडोरीला गेला, स्वतःच्या द्राक्षबागेत फवारणीला. फोनवर म्हणाला, "अशा हवेत बागेवर रोग पडतो. आभाळ मोकळं होऊ द्या, मॅडम."

दुसरीकडे जावं, तर टेबलावर याचा मॉनिटर. त्याच्यावरच मी रोज सकाळी दिंडोरीचं हवामान बघते.