अक्षता ठेवून गेलेला चोर

डॉक्टर मंगळवारी गेले. सकाळी त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा फोन आला. मी त्यांच्या घरी गेलो आणि दुपारी आम्ही त्यांना स्मशानात नेले. घरी परतल्यावर हातात पुस्तक घेतले, पण वाचन पुढे सरकेना. आमची ओळख चोरीच्या एका तक्रारीतून झाली होती. तो तपास लिहून काढावा असे वाटले. नावे देत नाही.

त्या वेळी मी दादर भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, शिवाजी पार्कजवळ राहणारे, दवाखाना केव्हाच बंद केलेला. दिवाळीनंतर त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला होता. इस्पितळातून घरी आल्यावर काही आठवडे ते पडूनच होते. स्वतःच्या पायांनी कपाटापर्यंत गेले, त्या दिवशी त्यांना नाण्यांचा खण रिकामा दिसला. तसेच काठी टेकत ते ठाण्यात आले.

ठाणे अंमलदाराने त्यांना खुर्ची दिली आणि तक्रार लिहायला घेतली.

"काय गेलं?"

"रुपये. जुने, चांदीचे."

"किती?"

"किती ते मग सांगतो. कुठले ते आधी लिहा. सुरतेच्या टांकसाळीचे मोगली, पेशवाईतले अंकुशी, चांदवडी, मग कंपनीचे..."

अंमलदाराचा पेन थांबला. "डॉक्टर, सरळ 'चांदी' असं लिहू का?"

"लिहा की. आणि तुमचं ते पिस्तूल 'लोखंड' म्हणून लिहा."

सगळे ठाणे हसले. मी केबिनमधून बाहेर आलो तो हे गृहस्थ कोण ते बघायला.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कुलूप शाबूत होते, किल्ली नेहमीच्या जागी होती. खणात मखमली तबक होते आणि प्रत्येक रुपयासाठी त्यात गोल खळगा केलेला होता. सगळे खळगे रिकामे होते, पण प्रत्येकात तांदळाचे एकदोन दाणे पडले होते. त्यांना कुंकू लागलेले होते. हवालदार म्हणाला, "साहेब, उंदरांनी आणले असतील देवघरातून." मी दाणे पंचनाम्यात घ्यायला सांगितले.

खालच्याच खणात चांदीच्या लगडी होत्या. त्यांना कोणी हात लावला नव्हता. मी डॉक्टरांना विचारले, "या दोन्हींत जास्त मोलाचं काय?"

"लगड मी भाव बघून घेतो," ते म्हणाले. "रुपया घेतो तो नाही घेतला तर झोप लागत नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या कोणीतरी निनावी फोन केला. डॉक्टरांची शुश्रूषा करायला ठेवलेला माणूस जड पिशवी घेऊन जाताना दिसला होता. हा माणूस पन्नाशीचा, करी रोडला राहणारा, मूळचा मालवणकडचा. आम्ही त्याला चौकशीला बोलावले. खबर खोटी नव्हती. पिशवी जड होती, पण तिच्यात नारळ होते. "बाईंनी दिल्यानी," तो म्हणाला. "रोज देवळात जातत. घरात नारळच नारळ."

मी त्याला दोनदा तेच ते प्रश्न विचारले. सराईत चोर प्रत्येक वेळी तेच शब्द बोलतो; खरे बोलणाऱ्याचे शब्द बदलतात, गोष्ट बदलत नाही. याची गोष्ट बदलत नव्हती. शेवटी तो वैतागला.

"सायेब, माका चांदीच व्हयी होती, तर ती लगड सोडून ह्ये काळे रुपये कित्याक उचलू? सोनार तरी इचारीत काय त्यांका?"

त्याचे म्हणणे मला पटले. चांदीसाठी आलेला चोर लगडी नेतो. नाण्यांचा जाणकार रुपये नेतो, पण तो अक्षता ठेवत नाही. आपल्याकडे लक्ष्मीची जागा रिकामी सोडू नये म्हणतात. काही उचलले तर तिथे सुपारी किंवा अक्षता ठेवतात. ज्याला ती जागा आपल्या घरातली वाटते तोच असे करतो.

मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. डॉक्टर झोपले होते. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी पाणी मागितले आणि म्हणालो, "ताई, तुमचा माणूस आज आला नाही ना? तो कालपासून आमच्याकडे येऊन जबाब देतोय. सगळ्यांचा संशय त्याच्यावरच आहे."

त्यांच्या हातातले भांडे ओट्यावर टेकले. "त्याला कशाला? तो म्हणाला गावाहून पाहुणे आलेत."

"लाज वाटली असेल सांगायला."

त्या खुर्चीवर बसल्या. "मी नेलेत रुपये. ह्यांना नळ्या लावल्या होत्या तेव्हा मी गिरगावच्या गणपतीला बोलले, हे घरी येऊ देत, ह्यांचं सगळ्यांत लाडकं जे आहे ते मोडून तुला दूर्वांचा हार करीन. नवस फेडेपर्यंत बोलायचा नाही, आमच्या माहेरी तसंच आहे. माघी गणपतीला हार वाहून मग सांगणारच होते."

"हेच लाडके, हे कशावरून?"

"अहो, लक्ष्मीपूजनाला सुद्धा चिंच लावून धुऊ देत नाहीत! मला म्हणतात, 'तू माझा रुपया पुसण्यापेक्षा मला पूस.'"

रुपये गिरगावातल्या एका कारागिराकडे होते आणि तो संध्याकाळी ते मुशीत टाकणार होता. मी तिथूनच फोन लावला. कारागीर म्हणाला, "साहेब, भट्टी पेटलीय." मी म्हणालो, "विझव." मग करी रोडच्या माणसाला फोन करून सांगितले की त्याच्यावर काही नाही. त्याने फक्त "बरां" म्हटले आणि फोन ठेवला.

रुपये मी त्याच संध्याकाळी तबकात परत ठेवले. डॉक्टरांना सगळे सांगितले. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्यांच्या हिशेबी देवाला दिलेला शब्द मोडत होता आणि त्या शब्दावर नवऱ्याचा जीव टिकला होता. मी सुचवले, "लगडींचा हार करा की."

"लगडी ह्यांच्या लाडक्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. "देवाला फसवू?"

डॉक्टर नास्तिक होते; ते त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगितले होते. ते उठले, कपाटाच्या तळातून कापसात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि पत्नीच्या तळहातावर ठेवली. दुमडलेली चांदीची जाड तार, तिच्यावर पुसट फारशी अक्षरे.

"हा तर तुमचा तो केसांचा आकडा!"

"लग्नानंतर दाखवला तेव्हाही हसली होतीस, म्हणून पुन्हा दाखवला नाही. ही लारी. कोकणच्या बंदरांत एके काळी हे नाणं चालायचं. दाभोळला आजोळी परसात सापडली, मी शाळेत होतो. इथून माझा नाद सुरू झाला. ते रुपये गेले तर दुसरे मिळतील. ही मिळणार नाही."

"मग ही कशाला देताय?"

"तू सगळ्यांत लाडकं बोलली होतीस ना? तू चुकीचं उचललंस, एवढंच."

ते गप्प राहिले असते तर कोणाला काही कळले नसते. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. तरीही बायकोचा शब्द खोटा पडू नये म्हणून त्यांनी ती तार दिली. देताना ती कडेने धरली होती, नेहमी नाणी धरत तशी. त्यांनी एकच अट घातली, वितळवायची नाही. कारागिराने ती तशीच, देठासारखी, दूर्वांच्या जुडीत बांधली. बाकीच्या दूर्वा लगडींच्या झाल्या.

गैरसमजातून दिलेली तक्रार म्हणून 'सी समरी' पाठवून मी प्रकरण बंद केले. डॉक्टर करी रोडला जाऊन त्या माणसाची माफी मागून आले. तो पुन्हा कामावर आला आणि शेवटपर्यंत राहिला.

नोकरीत मी पुष्कळ मौल्यवान मुद्देमाल पाहिला. एखादी वस्तू माणसाला किती प्रिय आहे हे आम्ही तो ती मिळवायला काय करतो यावरून ठरवत असू. डॉक्टर भेटल्यावर मी ती कसोटी अपुरी मानू लागलो. निवृत्तीनंतर दर रविवारी मी त्यांच्याकडे जात असे. ते भिंग माझ्या हातात देत आणि मी रुपयावरची अक्षरे लावत बसे. मला अजून नीट वाचता येत नाहीत.

रुपये वहिनींकडे आहेत. लारी गिरगावच्या गणपतीच्या गळ्यात आहे. भिंग वहिनींनी परवा मला दिले.